नात्याचा रकाना

ताई कवळ्या बनवायच्या. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाची मापं यायची. त्यांवर मेणात दात बसवायचे, हिरडीचा रंग जुळवायचा, घासूनपुसून परत पाठवायचं. एकवीस वर्षं त्या एकाच लॅबमध्ये, खिडकीजवळच्या त्याच टेबलावर बसत होत्या. ज्यांची तोंडं त्यांनी कधी पाहिली नाहीत असे शेकडो लोक त्यांनी बसवलेल्या दातांनी जेवत होते, हसत होते, भांडत होते. स्वतः ताई मात्र कामापुरतंच बोलत.

त्यांचा एकुलता एक भाऊ नऊ वर्षांनी लहान. घरात त्याला धाकट्या म्हणत, केस पिकले तरी धाकट्याच. तो एका रोपवाटिकेत माळी होता. ताईंच्या नवऱ्याला हाडांचा कॅन्सर झाला तेव्हा रोज संध्याकाळी कामावरून थेट येणारा तो एकटाच. आडवं पडलं की कळ मस्तकात जायची, म्हणून ताईंचा नवरा चार महिने खुर्चीत बसूनच झोपत होता. गोळ्यांनी दुखणं कमी व्हायचं नाही आणि पोटात अन्न ठरायचं नाही.

एके दिवशी धाकट्यानं खिशातून औषधाची छोटी बाटली काढली.

"गांजाचं तेल आहे. मीच झाडं लावली, मीच काढलं. जिभेखाली दोन थेंब."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" ताई म्हणाल्या. "परवान्याशिवाय एक रोप लावलं तरी तुरुंग आहे. कुणाला कळलं तर?"

खुर्चीतून आवाज आला, "कळू दे. आधी इकडे आण."

त्या संध्याकाळी ताईंचा नवरा दोनदा वाढून घेऊन जेवला. मग पत्ते मागवले, धाकट्याला दोन डाव हरवलं आणि तिसऱ्यात उघड उघड लबाडी केली. पुढे सात महिने तो जगला. शेवटी गेला तोही आपल्या पलंगावर, पाय लांब करून.

ते झाल्यावर धाकट्यानं झाडं उपटून टाकायला हवी होती. पण बातमी एका कानावरून दुसऱ्या कानावर गेली होती. हात थरथरणारे एक निवृत्त मास्तर आले, फेफरं येणाऱ्या मुलीची आई आली. त्याला नाही म्हणता येईना. रोपवाटिकेच्या मागच्या काचघरात, नेच्यांच्या कुंड्यांआड, झाडं वाढत गेली. पोलिसांनी मोजली तेव्हा ती एकावन्न भरली.

दुसऱ्या दिवशी एक अधिकारी ताईंच्या घरी आला. सभ्य माणूस होता, चपला बाहेर काढू का म्हणून विचारणारा. वही उघडून त्यानं विचारलं, "तुमच्या मिस्टरांच्या आजारपणात भावानं त्यांना काही दिलं होतं?"

अर्धी उरलेली बाटली तेव्हा फ्रिजच्या दारात होती. ताईंना ती पाठीमागे असल्यासारखी जाणवत होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "मला यातलं काहीच माहीत नाही."

अधिकारी गेल्यावर त्यांनी तेल मोरीत ओतलं आणि बाटली तीनदा साबणानं धुतली. धुता धुता त्यांच्या लक्षात आलं, की आपण नवऱ्याचा शेवटचा आराम मोरीत ओततो आहोत. तरी त्या थांबल्या नाहीत.

धाकट्याच्या वकीलबाई दोनदा भेटायला आल्या. "आजारी माणसाच्या घरचं कुणी उभं राहिलं तर न्यायाधीश वेगळ्या नजरेनं बघतील," त्यांनी समजावलं. ताई म्हणाल्या, मला जमणार नाही, नोकरीचा प्रश्न आहे. निकालाच्या दिवशी त्या कोर्टात गेल्याही नाहीत. घाईचं काम आलंय असं सांगितलं. काम खरंच होतं, घाई नव्हती. भावानं कोर्टात सांगितलं, घरच्यांना काही ठाऊक नव्हतं. चार वर्षांची शिक्षा झाली.

शेजारपाजारी ताईंनी सांगून टाकलं, भाऊ जहाजावर नोकरीला लागलाय.

"जहाजावर?" समोरच्या काकूंनी विचारलं. "जहाजावर माळ्याचं काय काम?"

"मोठं जहाज आहे. वर बाग आहे."

काकू मान डोलावत आत गेल्या. जिन्यात उभ्या ताईंचे कान तापले. खोटं तर खोटं, तेही धड जमलं नव्हतं.

तुरुंगात पहिल्यांदा भेटायला गेल्या तेव्हा खिडकीवर फॉर्म मिळाला. नाव, पत्ता, कैद्याशी नातं. नात्याच्या रकान्यात पेन टेकवून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. हा कागद कुठे जाईल, कोण वाचेल, लॅबपर्यंत पोचेल का? मागची बाई म्हणाली, "आटपा हो, वेळ संपेल." ताईंनी लिहिलं, 'परिचित'.

कारकुनानं वाचून सांगितलं, "परिचितांना तीन महिन्यांतून एकदा. घरचे असते तर पंधरा दिवसांनी येता आलं असतं."

चूक सुधारायला एक शब्द पुरला असता. ताईंनी पिशवी उचलली आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

काचेपलीकडे धाकट्या येऊन बसला, फोन उचलला. शिपायानं त्याला आधीच सांगितलं होतं, कोणी परिचित बाई आल्यात म्हणून.

"बसा," तो म्हणाला. "ओळखलं नाही पटकन."

तो हसत होता. थट्टाच होती ती, लहानपणापासूनची. ताईंना मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. त्या हवापाण्याचं बोलल्या आणि वेळ संपायच्या आधी उठल्या.

अशा चार भेटी झाल्या. वर्ष गेलं. पाचव्या भेटीला धाकट्या तोंडापुढे हात धरून बोलत होता.

"हात काढ."

"काही नाही गं. न्हाणीघरात घसरलो."

"काढ म्हणते ना!"

वरचे दोन पुढचे दात नव्हते. तुरुंगातल्या डॉक्टरनं मुळं काढून टाकली होती, पुढचं काही केलं नव्हतं. 'स' म्हणताना शिट्टी वाजत होती. भाकरीचा तुकडा तो पाण्यात भिजवून खातो, हे त्यानं विनोदासारखं सांगितलं.

सगळ्या गावाला दात पुरवणारी बाई काचेच्या अलीकडे बसून राहिली. आजवर तिला लाज वाटत होती ती भावाची, निदान ती तसं समजत होती. त्या दिवशी तिला कळलं, की लाज भावाची नव्हतीच कधी.

कवळी आत पाठवायची तर अर्ज जवळच्या नातेवाइकाचा लागतो आणि खाली लॅबच्या मालकाची सही. ताईंनी जेवणाच्या सुट्टीत मालकांसमोर अर्ज ठेवला.

"सही हवी आहे. माझा भाऊ तुरुंगात आहे."

मालकांनी चष्मा वर केला. "माहीत आहे. पेपरात आलं होतं, ताई. तुमचं ते जहाज सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून कुणी बुडवत नव्हतं इतकंच."

हे ऐकून ताई हसल्या असत्या, पण सांगायचं अजून राहिलं होतं. त्यांनी नवऱ्याचं सांगितलं. बाटलीचं, मोरीचं, अधिकाऱ्याच्या वहीचं.

मालकांनी घासायचं यंत्र बंद केलं. "हे नव्हतं माहीत. मग कोर्टात का नाही बोललात?"

"तुम्ही कामावरून काढाल म्हणून."

"मी?" त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी अर्ज पुढे ओढला. "खोटं कशाला बोलू? तेव्हा कदाचित काढलंही असतं." आणि त्यांनी सही केली.

त्याच आठवड्यात खिडकीवरच्या कारकुनानं जुना फॉर्म काढून दिला. ताईंनी 'परिचित'वर रेघ मारून 'बहीण' लिहिलं. "आधी का नाही लिहिलंत?" त्यानं विचारलं. "लाज वाटली," त्या म्हणाल्या. त्यानं शिक्का मारला. त्याला रोज असे कित्येक भेटत असतील.

तुरुंगातल्या डॉक्टरनं घेतलेल्या मापावर दात तयार होऊन आत गेले. थोडे पिवळसर, एक किंचित वाकडा, मूळचा होता तसाच. मग ताई वकीलबाईंकडे गेल्या आणि शपथेवर सगळं लिहून दिलं. ते कळल्यावर धाकट्या काचेपलीकडून खवळला.

"दाजींचं नाव कोर्टात कशाला ओढलंस? मी कशासाठी गप्प बसलो होतो?"

"तू गप्प बसलास म्हणून मीही बसायचं?"

"वर्षभर बसलीसच की!"

पुढच्या भेटीला तो बाहेर आलाच नाही. ताई अर्धा तास रिकाम्या खुर्चीसमोर बसल्या, आणि पंधरा दिवसांनी परत गेल्या.

ताईंनी तोंड उघडल्यावर निवृत्त मास्तर आले. जिना चढून दम लागलेला, हात थरथरतायत. "मीही घेत होतो," ते म्हणाले. "मीही मूग गिळून बसलो. कुठे सही करायची?" फेफऱ्याच्या मुलीची आई मात्र आली नाही. ताईंनी तिला मनातही दोष दिला नाही; तो अधिकार आपल्याला नाही हे त्या जाणून होत्या. खोट्या जबाबाबद्दल पोलिसांनी ताईंना बोलावून कडक शब्दांत सुनावलं, लेखी ताकीद दिली. समोरच्या काकूंनी बोलणं टाकलं, जहाजाच्या खोट्यावरून नव्हे, गांजावरून. वरच्या कोर्टानं शिक्षा दहा महिन्यांनी कमी केली. वकीलबाई म्हणाल्या, सुरुवातीलाच हे कागद असते तर निम्मी तरी झाली असती.

धाकट्या सुटून आला आणि अकरा दिवस ताईंकडे राहिला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात, त्याच्याकडे पाठ करून, ताईंनी माफी मागितली.

त्यानं ओट्यावरचे दोन कप विसळले. मग म्हणाला, "केलं माफ असं म्हणवत नाही अजून, ताई. तोंडदेखलं म्हणू का?"

"नको."

"मग चहा टाक."

पुढे त्याला शहराबाहेर एका ओळखीच्याकडे कलमं बांधायचं काम मिळालं. आता तो रविवारी येतो, जेवतो, कधी हसतो, कधी एखाद्या शब्दावरून गप्प होतो. लोक ताईंना म्हणतात, भावासाठी केवढं केलंत, अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. पूर्वी त्यांनी हे ऐकून घेतलं असतं. आता हातातलं काम खाली ठेवतात आणि म्हणतात, "पहिल्या वर्षी मी काय केलं ते आधी ऐका," आणि पहिल्यापासून सांगतात. काही जण पूर्ण ऐकायला थांबत नाहीत.