हात बघून वाढायचं

शोभाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या घरी कपाटातली पुस्तकं उन्हाला ठेवत होतो. "काका, तात्या गेलं..." एवढंच ती बोलली. शोभा माझी पुतणी. तात्या तिचे वडील, माझे थोरले बंधू. कुंडलला सकाळी उसाला पाणी सोडून आले, चहा मागितला, आणि कप हातात येण्याआधीच खुर्चीत कलले. त्याला आता दीड महिना झाला.

तात्यांचं नाव कुठल्या फलकावर नाही. पण गावात लग्न असो, बारसं असो, देवळातला भंडारा असो, खांद्यावर पंचा टाकून आमटीची बादली घेतलेले तात्या तिथं असायचेच. ज्याच्या घरी माणसं कमी, तिथं तर आदल्या दिवशीच चुली मांडायला जायचे. मी कॉलेजच्या सुट्टीत आलो की माझ्या हातात भाताची पाटी द्यायचे. मी पुस्तकातला माणूस, पंगतीत लाजायचो, भराभर पुढं सरकायचो. एकदा असाच एका म्हाताऱ्याला ओलांडून गेलो, तर मागून हाक आली, "ओ मास्तर, माघारी फिरा!" मी शिक्षक होण्याच्या कितीतरी आधीपासून ते मला असं चिडवायचे.

"ते नको म्हणाले की."

"तोंडाचं काय ऐकतोस रं? हात बघ. पत्रावळीवर हात आडवा आला तर पोट भरलंय. नुसता वर हवेत हालला तर माणूस लाजतोय. वाढ त्याला."

म्हातारा हसला आणि दोन वाढप भात जेवला.

वाढणाऱ्यानं शेवटी जेवायचं, हा तात्यांचा नेम. त्यामुळे वहिनीही शेवटीच. बायका त्यांना ओढायच्या, "आवं चला की, तुमच्या मालकाचं काय खरं न्हाई, दिवस मावळंल!" वहिनी म्हणायच्या, "बसा तुमी. आमची पंगत शेवटची." मग रिकाम्या मांडवात दोघांच्याच दोन पत्रावळ्या, आणि बादलीच्या तळाची गार आमटी... तात्या आधी वहिनींना वाढायचे, मग स्वतःला. घरीही तेच. कुणाला घेऊन पलूसच्या दवाखान्यात दुपार गेली, तरी बाहेर घास घ्यायचे नाहीत, आणि वहिनीही थांबून असायच्या.

शोभाच्या लग्नात मात्र या नेमानं घोटाळा केला. पाठवणीची वेळ झाली, गाडी सुरू झाली, आणि मुलीचा बाप सापडेना. शेवटी नवरी स्वतःच शालू सावरत पंगतीत गेली. तात्या वाकून वाढत होते. "तात्या, आज तरी बादली खाली ठेवा की!" ती रडत ओरडली. त्यांनी बादली ठेवली, पंच्याला हात पुसायचं विसरून लेकीला जवळ घेतलं, आणि भर मांडवात हुंदके देऊन रडले. आमटीच्या बोटांचा पिवळा डाग त्या शालूवर अजून आहे. शोभानं तो काढू दिला नाही.

तात्या गेल्यावर वहिनी जेवेनाशा झाल्या. "काका, आई म्हणती मागनं खाते," शोभा सांगायची, "आन् मागनं नुसता चहा पिती." दहा-बारा दिवसांत त्या भिंत धरून चालू लागल्या. डॉक्टर येऊन रागावून गेले. मी समजावलं, तर शांतपणे मान हलवली आणि ताट सरकवलं.

तेराव्याला सारा गाव जेवायला आला. स्वयंपाकघरात खिळ्याला तात्यांची बादली तशीच टांगलेली होती. वाढायला पोरं पुष्कळ होती, पण तिला कुणी हात लावेना. मग मीच काढली. साठी ओलांडलेल्या माझ्या हातात भरलेली बादली हिंदकळत होती. "मास्तर, सांडू नगा गड्या, तात्या वरनं बगत्यात!" कुणीतरी बोललं. पंगत हसली.

सगळे उठले. शोभानं आईला हाताला धरून आणून पत्रावळीवर बसवलं. सवयीनं शेजारी आणखी एक पत्रावळ मांडली गेली होती, ती कुणी उचलली नाही. मी भात वाढून आमटीचं ओगराळं पुढं केलं.

"नको भावजी... भूक न्हाई."

कुणी नको म्हटलं की मागं सरायचं, हा माझा जन्माचा स्वभाव. मी वळलोसुद्धा. मग थांबून त्यांच्या हाताकडं पाहिलं. हात पत्रावळीपासून चांगला वीतभर वर होता, हवेत हलत होता.

मी वाढलं. त्या बघत राहिल्या. मग बोटं भातात गेली. "गार झालीया," म्हणाल्या, आणि पहिला घास घेतला.

मी बादली दोघांच्या मध्ये ठेवून शेजारच्या पत्रावळीवर थोडा भात घेऊन बसलो. दुसऱ्या घासानंतर वहिनींनी डाव्या हातानं ओगराळं उचललं. मी घाईनं नको, नको म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. हाताकडं बघितलं, आणि वाढलं.