जांभळी रेघ

सासूबाईंना शेक द्यायला मी नागपूरला नेत असे, तेव्हाची दमणूक अजून माझ्या पायांत आहे. सेलूहून यष्टी, मग सायकलरिक्षा, मग दवाखान्याच्या बाकावर नुसतं बसून राहणं. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. जन्मभर त्यांनी ज्या गालात तंबाखूची गोळी धरली, तिथंच कॅन्सर निघाला. मशीनच्या किरणांना आम्ही सगळे शेकच म्हणायचो. किरण नेमके कुठं पडायचे ते कळावं म्हणून डॉक्टरांनी गालावर अन् मानेवर जांभळ्या रेघा आखून दिल्या होत्या. तिथं साबण नाही, तेल नाही, पाणीसुद्धा नाही. घरी येऊन मी सगळ्यांना बजावलं. पण माझं ऐकतं कोण!

आमचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, मुळा. बाजारात सगळ्यांची टोपली एकत्रच उतरायची, म्हणून जो तो आपल्या टोपल्यावर रंगाची खूण करी. मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, खूण जांभळी. आडव्या दोन रेघा. काडीला चिंधी गुंडाळून ते एका दमात अशी सरळ रेघ ओढत की काय सांगू. त्याचा त्यांना भारी गर्व होता.

दिवाळीत दवाखाना बंद, म्हणून मी माहेरी गेले. खरं सांगते, सुटले म्हणून गेले. परत येऊन पाहिलं तर सासूबाईंच्या गालावरच्या रेघा चांगल्या ठळक. म्हटलं, चला बापा, एवढं तरी ऐकलं यांनी. पुन्हा यष्टी, पुन्हा बाक. मशीनवर आज एक माणूस, उद्या दुसरा, अन् बाहेर गर्दी ही एवढी. रेघ दिसली की काम सुरू. सासूबाईंचा गाल भाजून काळा पडला, पेजसुद्धा गिळवेना.

एक दिवस मामाजीही सोबत आले. त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांनी गालाला पट्टी लावून मोजलं, पुन्हा मोजलं.

"ही रेघ कोणी काढली?"

मी म्हटलं, "तुम्हीच काढली ना साहेब."

सासूबाई छताकडे पाहत राहिल्या. मामाजी उठून उभे राहिले. "म्या काढली. दिवाळीच्या आंघोळीत पुसली होती, मंग म्या तशीच काढून देल्ली. बराबर जागेवर." शाबासकीची वाट पाहत होते बिचारे.

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. रेघ एक बोट खाली सरकली आहे, एवढंच म्हणाले, अन् नव्या रेघा आखल्या. जाताना मामाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फार फरक पडला नसेल."

यष्टीत मामाजी पुढं बसले, खिडकीबाहेर तोंड करून. मी सासूबाईंवर भडकले. "तुमाले तरी समजलं असन ना, जागा चुकली म्हून! काऊन नाई बोलल्या?"

त्यांना बोलताना त्रास व्हायचा. थांबत थांबत म्हणाल्या, "समजलं होतं वं. पण ते श्वास रोखून काढून राह्यले होते. कशी म्हनू चुकली म्हून?"

रडू आलं, पण रडायचाही कंटाळा आला होता.

उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. रोग फिरून उठला होता. तो रेघेच्या आत उठला की बाहेर, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची ताकदच नव्हती उरली.

नंतर आमची टोपली बाजारात कोरीच जाऊ लागली. दुसऱ्यांच्या टोपल्यांत मिसळायची, मग रोजची कटकट. शेवटी एका सकाळी मी वैतागून रंगाची वाटी अन् काडी मामाजींच्या पुढ्यात आणून आदळली. "मामाजी, दोन रेघा ओढायले काय होते तुमाले?"

त्यांनी काडी उचलली, रंगात बुडवली, टोपल्याजवळ नेली. हात तिथंच थांबला. रंग खाली ठिबकत होता. मग काडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तूच काढ, सूनबाई. माही सरकते."