दादाचं वरण, माझं वरण

दादा फौजेत भरती झाला त्याच वर्षी मला जिंतूरच्या मुलींच्या वसतिगृहात टाकलं. गावात सातवीच्या पुढं शाळा नव्हती. म्हणजे आम्ही दोघं भावंडं एकदमच घराबाहेर पडलो आणि दोघंही मेसचं खायला लागलो. पण घरात कीव यायची ती एकट्या दादाची.

सुट्टीत मी घरी असताना पंजाबातून त्याचा फोन यायचा. माय जेवत असली तर हातातला घास ताटात ठेवायची.

“काय खाल्लं रे?”

“खायचं काय, मेसमधलंच. वरण म्हंजे निस्तं पिवळं पाणी. चपात्या वातड.”

मायचे डोळे भरून यायचे. फोन ठेवला की ती शेजारणीला हाक मारून सांगायची, “लेकरू तिकडं उपाशी ऱ्हायलंय माझं.”

मी तिथंच बसलेली असायचे. आमच्या वसतिगृहातलं वरण तरी कुठं वेगळं होतं? डाळ पातेल्याच्या तळाशी बसायची आणि वाढणाऱ्या मावशी पळी वरच्यावर फिरवायच्या. बटाट्याच्या रश्शात बटाटा शोधावा लागायचा. भातात खडे. चपातीची सुरळी केली की ती परत सरळ व्हायची नाही. सकाळच्या पोह्यांना तर आम्ही मुली भुसा म्हणायचो. पण मला कुणी कधी विचारलं नाही, काय खाल्लंस म्हणून.

पुढच्या वर्षी दादाला भीमजयंतीला रजा मिळाली. मीही घरी आले होते. मायनं बोकडाचं मटण केलं. काळीज दादाच्या ताटात, नळी दादाच्या ताटात. माझ्या वाट्याला मानेची हाडं आणि रस्सा.

“त्याला तिकडं काय मिळायलंय बिचाऱ्याला,” माय म्हणाली.

“मला तरी काय मिळायलंय?”

“तू तर हितंच हाईस की. जिंतूरात.”

जणू जिंतूरात पाणचट वरण आपोआप घट्ट होत होतं. मटणाचं मला एवढं काही नव्हतं. मला हेवा वाटायचा तो त्या ‘बिचारा’ शब्दाचा. तो शब्द एकदा तरी मायनं माझ्यासाठी वापरावा म्हणून मी त्या सुट्टीत मुद्दाम कमी खाल्लं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रजा संपली. मायनं दादासाठी डबाभर शेंगदाण्याचे लाडू, धपाटे, लसणाची चटणी बांधली. मला उरलेला चिवडा पिशवीत घालून दिला. जाताना दादाच मला वसतिगृहात सोडायला आला.

फौजी आलाय म्हटल्यावर गृहपाल बाईंनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तो आमच्या मेसमध्ये माझ्या शेजारी मांडी घालून बसला. सगळ्या मुली बघत होत्या. मावशींनी पातेल्यात पळी पार खाली घातली आणि त्याला डाळीचा गोळाच्या गोळा वाढला. मला नेहमीसारखं वरचं पाणी. इथंही तेच!

दादा आधी माझ्या ताटाकडं बघत राहिला. मग त्यानं माझ्या वरणात चपाती बुडवून एक घास खाल्ला. गुपचूप दोन्ही ताटं बदलली.

जेवण झाल्यावर फाटकापाशी त्यानं विचारलं, “रोज असंच असतंय का गं?”

“तुमच्या मेससारखंच,” मी फणकाऱ्यानं म्हटलं.

तो खाली बघत म्हणाला, “आमच्यात असं न्हाई तायडे. ट्रेनिंगला होतं लय खराब. आता सकाळी दूध असतंय, अंडी असतेत. चिकनबी असतंय.”

“मग मायला का सांगतोस खोटं?”

“चांगलं खाल्लं म्हनलं की ती ‘बरं’ म्हनती आन् फोन ठिवती. वरण पातळ म्हनलं की बोलत ऱ्हाती. तेवढंच बरं वाटतंय.”

आज मला त्याचं एकटेपण कळतं. तेव्हा मला फक्त अंडी दिसली, दूध दिसलं, आणि वर मायचे भरून आलेले डोळेही त्यालाच. त्यानं पिशवीतला लाडवांचा डबा काढून माझ्या हातात दिला. मी तो घेतला, पण त्याच्याकडं बघितलं नाही. तो रस्ता ओलांडून बसस्टँडकडं गेला.

दादानं फोनवर मायला माझ्या जेवणाचं सांगितलं असावं, कारण पुढच्याच रविवारी ती जीपनं आली. आम्ही लिंबाच्या सावलीत बसलो. तिनं धपाट्यांचं फडकं सोडलं आणि विचारलं, “काय खातीस गं माय हितं?”

मी या प्रश्नाची इतकी वाट बघितली होती की सुरुवात कुठून करावी कळेना. मग सगळं सांगितलं. वरण, खडे, पोहे, एकदा भाजीत निघालेली अळीसुद्धा. मायनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले. मी आणखी जवळ सरकले.

“हितं असं हाय,” ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, “मंग माझ्या लेकराला तिकडं काय खावं लागत आसंल!”

माझा तोल सुटला. “त्याला दूध मिळतं! अंडी मिळतात, चिकन मिळतं! त्यानंच सांगितलंय मला!”

मायनं डोळ्यांचा पदर खाली घेतला. मग कौतुकानं हसली.

“तुला वाईट वाटू नई म्हून सांगितलं आसंल त्यानं. लय मायाळू हाय गं तो.”

मी समोरचा धपाटा उचलला. धपाटे मात्र मऊ होते. मी एकामागून एक खात गेले, आणि माय जीपची वेळ होईपर्यंत दादाविषयी बोलत राहिली.