पनीरच्या भाजीत पाणी

जालन्याहून टेंभुर्णीला घरी गेलो, की एक वेळचा स्वयंपाक मी करतो. त्या दिवशी पंजाबी पनीर करायला घेतलं होतं. कांदा-टोमॅटो परतले, काजू वाटून घातले आणि तेल सुटेपर्यंत हात दुखेस्तोवर हलवत बसलो. तेवढ्यात आई पातेल्यात डोकावली.

"लईच घट्ट करून राह्यला रे. टाक ना तांब्याभर पाणी."

"आई, ही पंजाबी भाजी आहे. हिला पाणी बिलकुल चालत न्हाई!"

"थोडं तरी टाक."

मी पातेलं माझ्याकडं ओढून घेतलं. कशाचाही रस्सा करून टाकायची आमच्या घरची सवय मला लहानपणापासून डोक्यात जाते.

वडील जेवायला बसले. दाढा काढल्यापासून त्यांना भाकरी कुस्करूनच खावी लागते. त्यांनी ज्वारीची भाकरी ताटात कुस्करली, वर माझी भाजी घेतली आणि कालवायला लागले. कालवलं, कालवलं, पण भाकरी कोरडी ती कोरडीच.

"मस्त झाली," ते म्हणाले आणि तोच एक घास कितीतरी वेळ तोंडात घोळवत राहिले. मग माझं लक्ष नाही असं पाहून त्यांनी प्यायच्या तांब्यातलं गार पाणी हळूच ताटात ओतलं.

मी पातेलं उचलून गॅसकडं गेलो. तिथं झाकण घालून आईनं कधीचंच पाणी तापवून ठेवलं होतं.