भावजींची हजेरी

मी शाळेत सायन्स शिकवतो. वर्गात भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्या पोरांना मी आजवर बाकावर उभं करत आलो. असलं काही मी लिहीन असं कुणी म्हटलं असतं, तर त्यालाही उभं केलं असतं. पण जे घडलं ते भर सकाळी, मी स्वतः जोडलेल्या यंत्रावर घडलं... म्हणून लिहितो.

तीस सालानंतरची गोष्ट. मुंबईच्या एका प्रोफेसरांनी मला कळवलं होतं – अगदी आखूड रेडिओ लहरी पकडणारा पत्र्याचा कर्णा तयार करा, आणि नुसत्या तारेपेक्षा तो किती पट जोर पकडतो याचे चोख आकडे पाठवा. लॅबोरेटरीत तुमच्यासाठी जागा बघतो. या पटीला ते 'गेन' म्हणत. मला त्या नोकरीची भारी हाव होती, खोटं कशाला बोलू?

कर्णा केला तो भावजींनी. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाजारात त्यांचं ट्रंकांचं दुकान होतं. "चौकोनी कर्णा कुणी पाह्यलाय रे सदू?" म्हणून हसले, पण कथलाचे डाग असे सफाईने दिले की सांधा दिसेना.

रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर आम्ही मोजायला जायचो. सपाट कातळ, झाड नाही की भिंत नाही. एका टोकाला बॅटरीवर कॉइल ठिणग्या टाकायची, त्यांतून लहरी सुटायच्या; वीस पावलांवर माझं टेबल, त्यावर काट्याचं मीटर. आधी नुसती तार लावायची – काटा चार रेघा. मग तिच्या जागी कर्णा – काटा छत्तीस. म्हणजे गेन नऊ पट. शेवटी, लहरी सरळ समोरूनच येताहेत ना, याची खात्री करायला भावजी बरोबर मध्यावर उभे राहायचे. माणूस आडवा आला की काटा अकरावर पडायचा. याला आम्ही हजेरी म्हणायचो. पंधरा दिवसांत एकदाही चुकली नाही.

त्या सकाळी भावजी मध्ये उभे राहिले आणि काटा हललाच नाही. छत्तीस.

"नीट मध्यावर या," मी म्हणालो.

"मध्यावरच आहे. तू नीट बघ."

मी काचेवर टिचकी मारली. त्यांना बाजूला करून स्वतः जाऊन उभा राहिलो आणि त्यांना काटा वाचायला लावला. "अकरा," ते म्हणाले. पुन्हा ते उभे राहिले. छत्तीस! समोर अंगात बंडी घातलेला, चांगला आडवा माणूस उभा आहे, आणि माझ्या कर्ण्याच्या लेखी तिथे कुणीच नाही.

"काय रे, मी नाहीच की काय?" ते हसले.

सामान आवरावं, घरी जावं, असं अगदी आतून वाटलं. पण प्रोफेसर आकडे स्वतः पडताळायला चार दिवसांनी येणार होते. मी मनाशी म्हटलं, कातळावरून लहरी परतून येत असतील, कर्णा जरा उंच केला की झालं. माझ्यासारख्या मास्तराला हेच सुचणार.

"भावजी, तेवढा एक दगड आणता टेकू द्यायला?"

ते गेले, वाकले, दगड उचलला. खाली फुरसं होतं, विषारी; हाताला डसलं.

तिसऱ्या दिवशी भावजी गेले. हिरड्यांतून रक्त येत होतं, तरी मला म्हणाले, "कर्ण्याला पोचा नाही ना आला?" मी नाही म्हटलं आणि बाहेर येऊन रडलो.

नोकरीचं मी परस्पर नाही म्हणून कळवलं. पण ते मनात ठेववेना. महिन्याभराने ताईला सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पाच वर्षांच्या लेकीला, सुमीला, घेऊन दारात उभी.

"तुझं ते यंत्र लाव," म्हणाली. "हिला उभी कर."

"ताई, वेडी आहेस का?"

"त्यांच्या वेळी तुला कळलं होतं आणि तू गप्प बसलास. आता गप्प बसू नको."

सड्यावर गेलो. पोर उंचीला कमी, म्हणून ताईने तिला स्टुलावर उभी केली. कॉइल तडतडू लागली. सुमी माझ्याकडे बघून हसत होती, अगदी बापासारखी. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पडला का रे काटा?"

आकडा चुकवून लिहिणाऱ्या पोराला मी कधी माफ केलं नाही. त्या दिवशी मात्र मी टेबलावर वाकलो, डोळे घट्ट मिटले आणि म्हणालो, "पडला."

सुमी आता बारा वर्षांची आहे, धडधाकट आहे. भावजींच्या वेळी काटा का हलला नाही, हे मला आजही सांगता येत नाही. कर्णा ताईकडे माळ्यावर आहे. ती अजून लोकांना सांगते, सुमीच्या वेळी काटा पडला, सदूने स्वतः बघितलंय... आणि पोर तापली की मी रात्र रात्र तिच्या उशाशी बसून राहतो.