निवेदकाची व्याख्या

आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर एका काकांचं झेरॉक्सचं दुकान आहे. मी मराठी शिकवते आणि कथेच्या घटकांवरच्या माझ्या नोट्स दरवर्षी तिथेच ठेवते. मशीनच्या आवाजावर मात करायची सवय लागल्याने ते कायम मोठ्याने बोलतात. प्रत्येक पान काचेवर ठेवण्याआधी डोळ्यांजवळ धरतात. छपाई फिकी आहे का ते बघत असतील, असं मला वाटायचं.

यंदा परीक्षेच्या आदल्या दिवशी दुकानासमोर मुलांची गर्दी होती. मला बघताच त्यांनी मशीन थांबवलं, आत बोलावलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "मॅडम, गोष्ट सांगतो त्यो निवेदक, न्हवं?"

"हो."

"मग हितं व्याख्येत लेखक लिवलंयसा की. गेल्या साली बरोबर हुतं."

नोट्स नव्याने टाइप करताना मीच चूक केली होती. माझे कान तापले.

"काका, काय झालं?" बाहेरून मुलं ओरडली.

"मशीन गरम झालंय, थांबा की जरा!" तेही ओरडले. मग खिशातलं पेन माझ्यापुढे धरून म्हणाले, "करा सावकाश. अजून एकबी प्रत बाहेर गेली न्हाय."