स्वेच्छेने

प्रियदर्शिनी जगतापची नवी मुंबईत महाप्याच्या मुख्य कार्यालयात बदली झाली, तेव्हा तिला चव्वेचाळिसावं लागलं होतं. साताऱ्याच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ती सतरा वर्षं कायद्याचं काम बघत होती. मालकानं कारखाना विकला आणि नव्या कंपनीनं लीगलचं सगळं टेबल महाप्याला हलवलं. जायचं नसेल तर राजीनामा द्या, असं कुणी तोंडानं म्हटलं नाही. पण साताऱ्यात तसली दुसरी नोकरी नव्हती, आणि कोर्टात ज्युनिअरसारखं नव्यानं उभं राहायची उमेद तिच्यात उरली नव्हती.

मुलगी स्नेहल बारावीला होती, म्हणून ती आणि नवरा कुलदीप मागे राहिले. परीक्षा झाली की तिघांसाठी फ्लॅट बघायचा आणि तोवर तिनं महाप्याजवळच्या घणसोली गावात खोली घ्यायची, असं ठरलं. खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकी उघडली की शेजारच्या घराची भिंत हाताला लागायची. घरमालकीण पुतळाबाई गावातलीच. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "पानी सकालचं येतं, भरून ठेवा. आनि एकट्या हाव तर जेवाचं टेन्शन घेव नका."

महाप्यात तिचा साहेब आशुतोष तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होता. वागायला चांगला होता. महिनाभर त्यानं तिला गोदामांचे भाडेकरार तपासायला दिले. मग एका दुपारी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"साताऱ्याचं युनिट मार्चअखेर बंद होतंय," तो म्हणाला. "लोकांना स्वेच्छानिवृत्ती द्यायची आहे. कागद मराठीत हवेत. तुमचं मराठी चांगलं आहे आणि तिकडची माणसं तुम्हाला ओळखतात. जाहीर होईपर्यंत घरीसुद्धा बोलू नका."

तिनं मान डोलावली. जागेवर येऊन तिनं नवी फाईल उघडली. 'मी कोणत्याही दबावाशिवाय, स्वेच्छेने' एवढं लिहून झाल्यावर ती बराच वेळ पुढं लिहू शकली नाही. बदलीचं पत्र तिच्या हाती पडलं तेव्हाच हे ठरलेलं असणार, हे तिच्या लक्षात आलं. तिला याच कामासाठी आणलं होतं.

त्या आठवड्यात बाजीरावांचा फोन आला. बाजीराव मशीन शॉपचे फोरमन, युनियनमधलेही जुने. तिच्या पहिल्या वर्षी त्यांनीच तिला कारखाना फिरवून दाखवला होता.

"मॅडम, शिरवळच्या एका कंपनीतनं बोलावणं आलंय," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत कळवायचंय. इकडं काय काय कानावर येतंय. तुमी सांगा, जाऊ का ऱ्हाऊ?"

तिच्यासमोर स्क्रीनवर स्वेच्छानिवृत्ती द्यायच्या लोकांची यादी होती. बाजीरावांचं नाव चौथं होतं.

"आलेली संधी सोडू नये, बाजीराव," ती म्हणाली.

"ते खरं. पर पंचवीस वर्सं झाली इथं. काही वाईट असतं तर तुमी सांगितलंच असतं की."

पलीकडं मशीनचा आवाज येत होता. 'जा' एवढा एक शब्द पुरला असता. पण उद्या सगळे शिरवळला पळाले आणि बातमी कुणी फोडली अशी विचारणा झाली तर, हा विचार आधी आला. कशातही न अडकता बोलायची जी सवय सतरा वर्षांच्या कामात लागली होती, तीच तिच्या तोंडून बोलली.

"तुमचा निर्णय तुम्हीच घ्यायचा. मी त्यात काही सांगू शकत नाही."

"बरं, बरं," बाजीराव हसून म्हणाले. "तुमी हेड ऑफिसात हाय, मग मला कसली काळजी? ऱ्हातो इथंच."

मार्चमध्ये सह्या घ्यायला आशुतोषनं तिलाच पाठवलं. कँटीनमध्ये टेबल मांडलं होतं. बाजीराव रांगेत आले, बसले, चष्मा लावून त्यांनी दोन्ही पानं सावकाश वाचली.

"हे तुमी लिवलंय न्हवं?" त्यांनी विचारलं. "वाचताना कळतंय."

"हो."

"मी फोन केला तवा ठाव हुतं?"

"हो."

त्यांनी सही केली, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेले. चार शब्द सुनावले असते तर तिनं ते ऐकून घेतले असते.

बाजीरावांना पुढं कुठं काम लागलं नाही. शिरवळची जागा केव्हाच भरली होती. ही बातमी तिला कुलदीपकडून कळली. तो म्हणाला, "तुला आधीच ठाऊक होतं का, असं लोक मला विचारतात. स्नेहललाही विचारतात. सध्या तू इकडं येऊ नकोस. आणि ती पुण्यात ॲडमिशन घ्यायचं म्हणतेय." फ्लॅटचा विषय त्यानं काढला नाही आणि तिनंही काढला नाही.

आशुतोषनं तिचं काम वरपर्यंत कळवलं. जूनमध्ये बंद होणाऱ्या दुसऱ्या युनिटची फाईल तिच्या टेबलावर आली. या वेळी ती पहिल्या ओळीवर अडली नाही. जुना मसुदा उघडून तिनं गावाचं नाव बदललं.

संध्याकाळी जिन्यात पुतळाबाई वाटीत कोलंबीचं कालवण घेऊन उभी होती. "तीन महिने झाले, गावाला गेला नाय तुमी," ती म्हणाली. "घरचे येनार हानत ना?"

"नाही," प्रियदर्शिनी म्हणाली. "खोली मला आणखी वर्षभर लागेल."